टक्क्यांची बेरीज १६० का येते? खुल्या उत्तरांचे कोड रिपोर्टमध्ये बिघडले की काय तपासायचं

"शेतीतली तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती?" हा प्रश्न खानदेशातल्या जवळपास प्रत्येक सर्वेक्षणात असतो. मग तो एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या) पोरांचा प्रकल्प असो, शेतकरी उत्पादक कंपनीचा असो, नाहीतर एखाद्या संस्थेचा. उत्तर शेतकऱ्याच्या शब्दांत लिहून घेतलेलं असतं. नंतर कोणीतरी बसून त्याला कोड देतं: वीज १०१, पाणी १०२, भाव १०३, मजूर १०४, रोग-कीड १०५. इथवर सगळं सुरळीत चालतं. फाइल एक्सेलच्या पिव्होटमध्ये (मोजणीचा तक्ता काढणारी सोय) किंवा पॉवर बीआयमध्ये (आलेख-रिपोर्ट काढणारं सॉफ्टवेअर) गेली की फोन सुरू होतात. फाइल रावेरहून येवो की तळोद्याहून, बिघाड तेच ते असतात.

(कोड इथे देवनागरी आकड्यांत लिहिले आहेत. फाइलमध्ये मात्र इंग्रजी आकडेच ठेवा, कारण पुढे येईल.)

लक्षणं

यातलं एखादं दिसत असेल तर पुढे वाचा:

- टक्क्यांची बेरीज १०० च्या वर जाते, किंवा नेमकी १०० येते पण प्रत्येक आकडा हाताने मोजल्यापेक्षा लहान असतो.
- फॉर्म ४०० आहेत आणि रिपोर्ट ६४० शेतकरी दाखवतोय.
- "वीज" म्हणणारे हाताने मोजले तर १८०, रिपोर्टमध्ये ११०.
- आलेखात कोडांच्या नावांऐवजी "ब्लँक" असा एक जाडजूड खांब उभा आहे.
- कोडच्या रकान्यात तारखा दिसतात, किंवा लाखांतले आकडे.
- एकाच अडचणीचे दोन खांब आहेत, नाव अक्षरशः तेच.
- "इतर" सगळ्यांत उंच.

सुरू करण्याआधी फाइलची प्रत काढा. मूळ उत्तरांच्या रकान्याला हात लावू नका. कोड पुन्हा देता येतात, पण शेतकऱ्याचं वाक्य एकदा पुसलं गेलं की ते विचारायला परत धडगावला कोणी जात नाही.

पहिलं: फिल्टर आणि रिफ्रेश

हसू नका. एखाद्या तालुक्याचं फिल्टर चालू राहून गेलेलं असतं, किंवा नवे फॉर्म शीटमध्ये खाली जोडले आणि पिव्होटची रेंज जुनीच राहिली. सगळे स्लायसर (फिल्टरची बटणं) मोकळे करा, रिफ्रेश करा, एकूण फॉर्मची संख्या कागदावरच्या संख्येशी जुळवा. ती जुळत नसेल तर कोडांकडे बघण्यात अर्थ नाही. डेटा कायम एक्सेलच्या "टेबल"मध्ये ठेवला तर रेंज आपोआप वाढते आणि हा त्रास मुळातूनच जातो.

दुसरं: टक्के कशाचे काढलेत?

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सगळ्यांत मोठा वाटा याचाच, आणि यात बहुतेक वेळा सॉफ्टवेअर निर्दोष असतं. समजा ४०० शेतकऱ्यांना विचारलं. ५० जणांचा रकाना रिकामा आहे. उरलेल्या ३५० जणांनी मिळून ६४० अडचणी सांगितल्या, कारण एकेकाने दोन-तीन सांगितल्या. वीज म्हणणारे १८०. आता हेच १८० जण ४०० पैकी धरले तर ४५ टक्के, उत्तर देणाऱ्या ३५० पैकी धरले तर ५१ टक्के आणि ६४० उल्लेखांपैकी धरले तर २८ टक्के. तिन्ही गणितं बरोबर, तिन्ही वाक्यं मात्र वेगळी. "निम्म्या शेतकऱ्यांना विजेची अडचण आहे" आणि "अडचणींपैकी अठ्ठावीस टक्के विजेच्या आहेत" यांतलं एक बैठकीत बोलून दुसरं अहवालात छापलं की भांडण ठरलेलं.

म्हणून आधी ठरवा की माणसं मोजायची की उल्लेख. गावपातळीच्या कामासाठी मी माणसं मोजते. तेव्हा टक्क्यांची बेरीज १०० च्या वर जाणारच, आणि तक्त्याखाली "एकाहून अधिक उत्तरे शक्य" एवढं लिहिलं की पुरतं. याच कारणाने खुल्या प्रश्नाचा पाय चार्ट काढू नका. तो बेरीज १०० धरून चालतो, तुमची १६० आहे. आडवे खांब काढा.

एसपीएसएस (संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर "मल्टिपल रिस्पॉन्स"च्या तक्त्यात दोन्ही टक्के शेजारी-शेजारी येतात. "पर्सेंट ऑफ केसेस" म्हणजे माणसांचे. घाईत डावीकडचा रकाना उचलला जातो आणि तो उल्लेखांचा असतो.

रिकाम्या रकान्याचंही ठरवून टाका. प्रश्न विचारलाच नाही, विचारला पण माहीत नाही म्हणाले, आणि "काही अडचण नाही" म्हणाले, या तीन गोष्टींना तीन वेगळे कोड हवेत. "काही अडचण नाही" हे पक्कं उत्तर आहे. ते बेसमध्ये, म्हणजे ज्या एकूण संख्येपैकी टक्के काढतो तिच्यात, राहिलंच पाहिजे.

तिसरं: कच्चा रकाना डोळ्यांनी बघा

रिपोर्ट बंद करा, मूळ शीट उघडा आणि कोडचा रकाना वरपासून खालपर्यंत सरकवत बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पैसा लागत नाही आणि निम्मे बिघाड इथेच सापडतात.

कोडांमध्ये आडवी रेघ टाकली असेल आणि कोड लहान असतील, तर ३-७ ची एक्सेल तारीख करून टाकतं. नंतर रकाना "टेक्स्ट" केला तरी मूळ कोड परत येत नाही, तारखेच्या पोटातला पाच आकडी क्रमांक दिसतो. स्वल्पविराम टाकला असेल तर दुसरीच गंमत होते. १०१,२०५ हे दोन कोड आहेत हे एक्सेलला कळत नाही. ते त्याला एक लाख एक हजार दोनशे पाच समजतं आणि १,०१,२०५ असं आपल्या पद्धतीने सजवूनही देतं. लाखांतल्या आकड्यांचं लक्षण इथून येतं.

उपाय: रकाना आधी "टेक्स्ट" करा, मगच कोड भरा, आणि दोन कोडांमध्ये अर्धविराम वापरा, म्हणजे १०१;२०५. कोड भरणारे तिघे असतील तर एक अर्धविराम टाकतो, एक स्वल्पविराम, एक नुसती जागा सोडतो. ते सगळं "फाइंड अँड रिप्लेस"ने एकसारखं करून घ्या.

याच रकान्यात देवनागरी आकडे मिसळलेले सापडतात. मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असला की पोरं १०४ देवनागरीत टाकतात. आपण दोन्ही सारखेच वाचतो, पण कोडयादीशी जोडताना ते दोन वेगळे मजकूर ठरतात.

चौथं: पहिल्या २०० ओळींचा घोळ

पॉवर क्वेरी (पॉवर बीआयमधली असो की एक्सेलमधली) फाइल आत घेताना साधारण पहिल्या २०० ओळी बघून प्रत्येक रकान्याचा प्रकार ठरवते. पहिल्या २०० शेतकऱ्यांनी एकेकच अडचण सांगितली असेल तर ती म्हणते, हा पूर्णांकांचा रकाना. पुढे २३१ व्या ओळीत १०१;१०३ आलं की तिथे "एरर". मग कोणीतरी "रिमूव्ह एरर्स" दाबतं, आणि एकापेक्षा जास्त अडचणी सांगणारे सगळे शेतकरी गुपचूप गायब होतात. हा बिघाड वाईट आहे, कारण उरलेला रिपोर्ट अगदी नीटनेटका दिसतो.

उजवीकडच्या "अप्लाइड स्टेप्स"मध्ये "चेंज्ड टाइप" नावाची पायरी आपोआप आलेली असते. ती उघडा आणि कोडचा रकाना "टेक्स्ट" करा. "रिमूव्ह एरर्स"ची पायरी दिसली तर काढून टाका.

याचंच भावंड: कोड आकडा म्हणून राहिला तर पॉवर बीआय त्याची बेरीज करतं. वीज १०१ आणि पाणी १०२ मिळून २०३ कसली अडचण होते, ते त्यालाच ठाऊक. प्रकार "टेक्स्ट" केला की हेही थांबतं.

पाचवं: १ शोधला की ११ पण सापडतो

ज्यांनी कोड १, २, ३ असे ठेवले आणि मोजताना "कंटेन्स" (मजकुरात कुठेही आलं तरी धरणारा शोध) वापरलं, त्यांच्याकडे कोड १ नेहमी फुगलेला असतो. १०, ११, १२, २१, सगळ्यांत १ आहेच. काहीजण मग ०१ करतात, तर एक्सेल पुढचं शून्य खातं. म्हणून मी कोड १०१ पासून सुरू करते आणि सगळे तीन आकडी ठेवते. जुनं काम बदलणं शक्य नसेल तर कोडांच्या दोन्ही टोकांना अर्धविराम जोडा आणि ";१;" असं शोधा.

सहावं: ओळी फोडल्या, माणसं वाढली

एका खान्यात तीन कोड असताना पिव्होटला ती तीन उत्तरं कळत नाहीत. त्याच्यासाठी १०१;१०३ हा आणखी एक नवाच कोड असतो. वर १८० चे ११० झाले ते यामुळेच. नुसती वीज सांगणारे ११० निघाले, विजेसोबत आणखी काही सांगणारे ७० भलत्याच जोड्यांमध्ये विखुरले.

उपाय सगळ्यांना माहीत असतो: पॉवर क्वेरीत "स्प्लिट कॉलम", "बाय डिलिमिटर", आणि ऍडव्हान्स्ड पर्यायांत "रोज" (Rows, म्हणजे ओळी). एका कोडाची एक ओळ होते. पण इथूनच पुढचा बिघाड सुरू होतो. तीन अडचणी सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या आता तीन ओळी झाल्या. त्याची जमीन, वय, केळीची खोडं हे सगळं तीनदा आलं. या टेबलवर "सरासरी जमीन" काढली तर ती जास्त बोलणाऱ्यांकडे झुकते. आणि जास्त बोलतो तो बहुधा बागायतदार. चोपडा-यावलच्या फाइलमध्ये सरासरी अशी भलतीच वर गेलेली दिसते.

म्हणून दोन टेबलं ठेवा. एक माणसांचं: एका शेतकऱ्याची एकच ओळ, त्यात गाव, तालुका, जमीन, पीक. दुसरं उल्लेखांचं: त्यात फक्त फॉर्म क्रमांक आणि कोड. दोन्ही फॉर्म क्रमांकाने जोडायची. सरासरी आणि एकूण बेस माणसांच्या टेबलवरून घ्या. अडचणी मोजताना उल्लेखांच्या टेबलवर ओळी मोजू नका, वेगवेगळे फॉर्म क्रमांक मोजा. एक्सेलच्या पिव्होटमध्ये "डिस्टिंक्ट काउंट" सापडत नाही अशी तक्रार नेहमी येते. पिव्होट तयार करतानाच "ऍड धिस डेटा टू द डेटा मॉडेल" या चौकटीत टिक करावी लागते, तरच तो पर्याय यादीच्या तळाशी येतो.

गट केले असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं. समजा वीज १८०, पाणी १२० आणि दोन्ही सांगणारे ६०. "वीज-पाणी" या गटात ३०० नव्हेत, २४० माणसं आहेत. उपबेरीज ३०० दाखवत असेल तर सॉफ्टवेअर ओळी मोजतंय.

मोजणी अजूनही कमीच येत असेल तर फॉर्म क्रमांक तपासा. शिरपूरच्या पोराने १ पासून सुरुवात केली, साक्रीच्या पोरीनेही १ पासून. दोन वेगळी माणसं एक झाली. क्रमांकाच्या पुढे तालुक्याचं आणि फॉर्म भरणाऱ्याचं अक्षर लावलं की हा प्रश्न सुटतो. असे क्रमांक दिसले म्हणून घाईने "रिमूव्ह डुप्लिकेट्स" मात्र दाबू नका, त्याने खरीखुरी माणसं उडतील.

सातवं: नाव तेच, खांब दोन

कोडऐवजी नावांवर जोडणी केली असेल तर हे होतंच. "बोंडअळी" आणि "बोंड अळी" हा फरक निदान दिसतो. "मजूर" नंतर सुटलेली जागा दिसत नाही. ती "ट्रिम"ने जाते, पण वेबपेजवरून उचललेल्या मजकुरातली न तुटणारी जागा एक्सेलच्या "ट्रिम"ला दाद देत नाही. ती वेगळी शोधून बदलावी लागते.

सगळ्यांत छळणारा प्रकार "ऱ्या"चा. "शेतकऱ्यांना", "बऱ्हाणपूर" यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एकात खालच्या टिंबाचा वेगळा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, संगणकासाठी दोन शब्द. "ट्रिम" आणि "क्लीन" दोन्ही इथे निरुपयोगी. नुसता तो अदृश्य वर्ण काढला तर "र्या" उरतो आणि शुद्धलेखन बिघडतं. "सब्स्टिट्यूट"मध्ये "युनिकॅर(८२०५)" (एक्सेलमध्ये UNICHAR) वापरून "र, हलन्त, अदृश्य वर्ण" हा अख्खा तुकडा "ऱ्"ने बदलायचा.

तालुक्यांचंही असंच. जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ मिळून २५ तालुके होतात. रिपोर्टमध्ये २६ दिसले की बहुतेक वेळा अक्राणी आणि धडगाव दोन्ही आलेले असतात. तालुका एकच. जुन्या यादीत मुक्ताईनगरचं एदलाबाद सापडतं. शिंदखेडा आणि सिंदखेडा तर रोजचंच.

कायमचा उपाय एकच: जोडणी आकडी कोडाने करा, नाव फक्त कोडयादीत एकदाच लिहा. आणि "ब्लँक"चा खांब आला असेल तर कोडयादीत नसलेला कोड कुठेतरी टाइप झाला आहे, १०५ च्या जागी १५० वगैरे. उल्लेखांच्या टेबलमधले सगळे वेगवेगळे कोड काढून यादीशेजारी ठेवा, पाहुणा लगेच सापडतो.

आठवं: कोडयादीच बदलली

खरिपाच्या फेरीत ११४ म्हणजे करपा होता. रब्बीच्या फेरीत कोणीतरी यादी "सुटसुटीत" केली आणि ११४ सीएमव्हीला (केळीवरचा विषाणूचा रोग) दिला. आता दोन फेऱ्यांची तुलना करणारा आलेख सांगतो की करपा वाढला. वापरलेला कोड दुसऱ्या अर्थाने पुन्हा वापरू नये. बंद करायचा असेल तर तो रिकामा ठेवा. यादीवर तारीख टाका आणि प्रत्येक फेरीसोबत तिची प्रत जपा.

नववं, आणि सगळ्यांत जड: कोडिंगच चुकलंय

वरचं सगळं तपासून झालं आणि तरी निकाल पटत नसेल, तर मूळ उत्तरं वाचायला बसा. हे शेवटी ठेवलंय कारण यात दिवस जातात. वरचे बिघाड काढले नसतील तर ते दिवस फुकट जातात.

आधी "इतर" वाचा. दहातल्या एकाहून जास्त उत्तरं तिथे गेली असतील तर मी यादी पुन्हा उघडते. आपल्याकडे "इतर" फुगण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कोड देणारा पुण्या-मुंबईचा आणि उत्तर अहिराणीत. "डीपी जळी गयी" (ट्रान्सफॉर्मर जळाला) हे विजेत जायला हवं, ते "यंत्रसामग्री"त सापडतं. "केळीले भाव नही" कळतं. "रातले लाईट येस, पानी कव्हय भरानं" (रात्री लाईट येते, पाणी कधी भरायचं) इथे माणूस अडखळतो: ही वीज की पाणी? उत्तर काहीही ठरवा, पण यादीत लिहून ठेवा. मी कारणाला कोड देते, म्हणजे वीज. परिणामालाही द्यायचा तर सगळीकडे द्या. अर्ध्या फॉर्मवर एक कोड आणि अर्ध्यावर दोन असं झालं तर पाण्याचा आकडा शेतकऱ्यांवरून ठरत नाही, फॉर्म कोणाच्या टेबलावर गेला त्यावरून ठरतो.

एकत्र करण्याचा मोहही आवरा. करपा आणि सीएमव्ही दोन्ही "केळीवरचे रोग" म्हणून एका कोडात टाकले की तक्ता छान लहान होतो. पण करपा बुरशीचा, त्यावर फवारणी चालते. सीएमव्ही विषाणूचा, मावा तो पसरवतो आणि रोगट झाड उपटूनच टाकावं लागतं. एकाच कोडातून कृषी सहायकाने काय समजायचं? बारीक कोड नंतर एकत्र करता येतात. एकत्र केलेला कोड फोडायचा म्हणजे सगळे फॉर्म पुन्हा वाचणं.

(उत्तरांचा वर्ड क्लाउड काढून वेळ वाचतो का असं विचारतात. काढून बघा. मधोमध मोठ्या अक्षरात "नाही" येईल, शेजारी "नही" आणि "नै".)

मग ५० फॉर्म काढा, दोघांना एकमेकांचं न बघता कोड द्यायला लावा आणि जुळवा. नुसतं "९० टक्के जुळलं" यावर खूश होऊ नका. एखादा कोड १०० पैकी ५ फॉर्मवरच येत असेल, तर दोघांनी तो डोळे मिटून कुठेही टाकला तरी नव्वदच्या आसपास जुळतंच. म्हणून कोहेनचा कप्पा (Cohen's kappa, जुळणी मोजणारा आकडा) काढतात, तो योगायोगाने जुळलेला भाग वजा करतो. एका फॉर्मवर अनेक कोड असतील तर प्रत्येक कोडाचा कप्पा वेगळा काढा, "दिला की नाही दिला" एवढंच धरून. लँडिस आणि कॉख यांची १९७७ ची पट्टी अजून सर्रास वापरतात: ०.६१ ते ०.८० चांगलं, त्याच्या वर जवळपास एकमत. ०.६ च्या खाली आला तर कोड देणाऱ्यांवर चिडण्याआधी त्या कोडाची व्याख्या बघा. बहुतेक वेळा तीच धूसर असते.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

सर्वेक्षणात वेट लावले असतील, म्हणजे लहान तालुक्यांतून मुद्दाम जास्त फॉर्म घेऊन नंतर भार कमी केला असेल, तर वरची नुसती मोजणी चालणार नाही. "यावल आणि अक्कलकुव्यातला फरक खरा की योगायोग" असं कोणी विचारलं तरीही हात आखडता घ्या. साधी काय-वर्ग चाचणी एक माणूस एकाच खान्यात आहे असं गृहीत धरते. तुमचा माणूस तीन ओळींत आहे. चाचणी चालेल, उत्तरही देईल, पण ते धरून चालता येणार नाही. दोन्हींसाठी संख्याशास्त्राचा माणूस हवा. विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागात विचारा, आणि जाताना कोडयादी, मूळ उत्तरं आणि फॉर्म निवडले कसे याची नोंद सोबत न्या.

उत्तरं भिली किंवा पावरीत घेतली असतील आणि कोडिंग मराठी भाषांतरावरून झालं असेल, तर संगणकवाल्याला पैसे देऊ नका. ती भाषा बोलणारा शिक्षक किंवा आशाताई शोधा, त्यांना मानधन द्या आणि निदान काही फॉर्म मूळ उत्तरावरून पुन्हा तपासून घ्या.

मूळ उत्तरं हरवली असून फक्त कोड उरले असतील, तर नववी तपासणी कोणालाच करता येणार नाही. अहवालात तसं लिहा.

आणि फाइल बाहेर कोणाकडेही पाठवण्याआधी नावं, मोबाइल नंबर, आधार आणि गट नंबर हे रकाने काढून टाका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण कायदा नसता तरी काढायलाच हवे होते. उत्तरातही डोकावून बघा. "आमच्या गावचा वायरमन पैसे मागतो" यात गावाचं नाव असेल, तर सांगणारा कोण हे गावात दोन मिनिटांत कळतं.